कबड्डी आणि खो-खो स्पर्धेच्या फलकांसाठी मोफत चित्रे कोठे मिळतील?

शिट्टी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या गावी क्रीडा मंडळातर्फे दर जानेवारीत दोन दिवसांच्या कबड्डी आणि खो-खो स्पर्धा भरवल्या जातात. त्यांच्या प्रसिद्धीचे काम, म्हणजे बसस्थानकाजवळचा १२ फूट बाय ८ फुटांचा फ्लेक्स, शाळांना पाठवायची पत्रके आणि व्हॉट्सॲपवर फिरवायची चौकोनी जाहिरात, गेली तीन वर्षे माझ्या गळ्यात पडलेले आहे. मी चित्रकार नाही. संगणकावर थोडीफार जुळवाजुळव करता येते, एवढेच माझे भांडवल.

गेल्या वर्षी चढाईपटूचे एक सुंदर रेखाचित्र मी गुगलच्या चित्रशोधातून उचलले आणि फ्लेक्सवर लावले. तिसऱ्या दिवशी एका तरुण चित्रकाराचा संदेश आला की ते चित्र त्याने दुसऱ्या एका स्पर्धेसाठी मोबदला घेऊन काढलेले आहे आणि ते वापरण्यापूर्वी त्याला कोणी विचारलेले नाही. त्याने आवाज न चढवता हे लिहिले होते, म्हणूनच मला अधिक ओशाळल्यासारखे झाले. मंडळाने त्याला मानधन पाठवले, विषय तेथेच मिटला, परंतु कार्यकारिणीच्या बैठकीत मला मान खाली घालून बसावे लागले.

या वर्षी तसे होऊ नये म्हणून आधीपासून शोध सुरू केला आहे. ‘स्पोर्ट्स’ असे लिहून शोधले की फुटबॉल, बेसबॉल आणि शिरस्त्राण घातलेले अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू रांगेने उभे राहतात. ‘कबड्डी’ लिहिले की निम्मी चित्रे कुस्तीची निघतात. ‘खो-खो’ लिहिल्यावर तर एका संकेतस्थळाने ‘हो-हो’ अशी सुधारणा परस्पर करून मला नाताळबाबा दाखवला. तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की खरोखर निर्धोकपणे वापरता येतील अशी चित्रे कोठे मिळतात, आणि फ्लेक्सच्या खालच्या पट्टीत दूध संस्था, खतांचे दुकान वगैरे पुरस्कर्त्यांची नावे असल्यामुळे आमचा वापर व्यावसायिक धरला जाईल का? मंडळाला नफा होत नाही, उलट दर वर्षी खिशातून घालावे लागतात.


रेघोट्या

आपल्याकडे ‘फुकट’ या एका शब्दात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात, आणि गेल्या वर्षीचा घोटाळा त्यातूनच झालेला दिसतो. चित्र उतरवून घेताना पैसे पडले नाहीत, याचा अर्थ ते वापरण्याची मुभा मिळाली असा होत नाही. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार चित्र काढले गेले की चित्रकाराचा हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी नोंदणी करावी लागत नाही, आणि तो हक्क चित्रकाराच्या हयातीत व त्याच्या निधनाच्या पुढील वर्षापासून मोजून ६० वर्षे टिकतो. कोपऱ्यात नाव किंवा वर्तुळातला ‘सी’ दिसत नाही म्हणून चित्र मोकळे आहे, ही समजूत छापखान्यांत फार खोल रुजलेली आहे. जुन्या पुस्तकातील चित्राबाबतही पुस्तक पिवळे पडले आहे एवढे पुरत नाही. ते चित्र काढणारा कोणत्या साली गेला हे पाहावे लागते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे आधी वळतो, कारण पहिल्याचे उत्तर त्यावर अवलंबून आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या, म्हणजे आपली कृती इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणाऱ्या तयार परवान्यांच्या नावात जी अक्षरे असतात ती वाचायला शिकणे हाच खरा उपाय आहे. ‘सीसी झिरो’ म्हणजे चित्रकाराने आपले सर्व हक्क सोडून दिले. श्रेयसुद्धा सक्तीचे नाही. ‘बाय’ म्हणजे चित्रकाराचे नाव आणि परवान्याचा उल्लेख करा, मग हवे तसे वापरा. ‘एसए’ जोडलेले असेल तर चित्रात फेरफार करून तयार झालेली नवी कृतीही त्याच परवान्याखाली सोडावी लागते. ‘एनडी’ असेल तर बदल केलेले चित्र दुसऱ्यांपर्यंत पोहोचवता येत नाही, म्हणजे पार्श्वभूमी काढून, गणवेशाचा रंग बदलून ते फ्लेक्सवर लावणे बसत नाही. आणि ‘एनसी’ म्हणजे वापर मुख्यतः व्यावसायिक लाभासाठी किंवा पैशाच्या मोबदल्यासाठी नसावा. तुमचे मंडळ नफा कमावत नाही हे खरे, परंतु प्रवेशशुल्क आहे, रोख बक्षिसे आहेत आणि खतांच्या दुकानाची जाहिरातही आहे. यावर दोन जाणकार दोन मते देतील. अशा वादात पडण्यापेक्षा ‘एनसी’ लिहिलेले चित्र सरळ बाजूला ठेवावे, असे मी सुचवीन.

जागांबद्दल सांगायचे तर मी सर्वप्रथम विकिमीडिया कॉमन्सवर जातो. तेथे प्रत्येक चित्राच्या पानावर परवाना, कर्त्याचे नाव आणि मूळ स्रोत लिहिलेला असतो, आणि व्यावसायिक वापराला बंदी करणारी चित्रे तेथे ठेवूच देत नाहीत, त्यामुळे ‘एनसी’ची अडचण मुळातच येत नाही. ‘पिक्टोग्राम’ हा शब्द जोडून शोधले तर खेळांच्या ठळक काळ्या आकृत्या एसव्हीजी स्वरूपात, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फाटणाऱ्या रेषांच्या फाइलमध्ये, मिळतात. पत्रकावर कार्यक्रमपत्रिकेच्या शेजारी लावायला त्या फार उपयोगी पडतात. ओपनक्लिपार्टवरील चित्रे सीसी झिरो आहेत, परंतु तेथे दर्जा कमालीचा असमान आहे. एखादे चित्र शाळेतल्या मुलाने माउसने गिरवल्यासारखे, तर त्याच्याच शेजारचे अगदी सफाईदार. पिक्साबेबद्दल अनेक जुने लेख ‘तेथील सर्व काही सीसी झिरो’ असे सांगतात. ते जानेवारी २०१९ पर्यंत खरे होते. त्यानंतर त्यांनी स्वतःचा परवाना आणला. फलकासाठी तो पुरेसा उदार आहे, मात्र तेच चित्र जसेच्या तसे टी-शर्टवर छापून ते टी-शर्ट विकायचा बेत असेल तर चालणार नाही. फ्रीपिकवरून फुकट खात्याने उतरवलेल्या चित्राला श्रेय देणे बंधनकारक असते, आणि आपल्याकडचे निम्मे फ्लेक्स नेमके तेच विसरतात. अनड्रॉची चित्रे सुटसुटीत आहेत, रंगही बदलून मिळतात, पण ती कार्यालयीन धाटणीची असल्यामुळे लाल मातीशी त्यांचे जमत नाही.

गुगलच्या चित्रशोधातच ‘टूल्स’मध्ये वापरहक्कांची गाळणी आहे, तेथे ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ निवडावे, परंतु तिच्यावर विसंबून न राहता मूळ पानावर जाऊन परवाना स्वतः वाचावा आणि त्या पानाची प्रतिमा तारखेसह जपून ठेवावी. पुढे कोणी विचारले तर दाखवायला काहीतरी हाताशी असते.

एक गोष्ट मात्र टाळाच. ऑलिंपिकसाठी तयार केलेली खेळांची चिन्हे संकेतस्थळांवर सर्रास सापडतात. ती त्या त्या संयोजन समितीने करवून घेतलेली असतात आणि मोकळी नसतात. पाच वर्तुळांना तर १९८१ च्या नैरोबी कराराचे स्वतंत्र संरक्षण आहे. तालुका पातळीच्या फलकावर ती वर्तुळे मी अनेकदा पाहिली आहेत.


खुंटाजवळचा

परवान्यांचे वर उत्तम विवेचन झालेले आहे. मी खो-खोचा पंच म्हणून काम करतो, म्हणून चित्रांच्या दुसऱ्या बाजूबद्दल लिहितो. परवाना निर्दोष असलेले चित्र खेळाच्या दृष्टीने चुकीचे असेल तर त्याचा उपयोग काय?

खो-खोची जी मोफत चित्रे मी पाहिली त्यांतील बहुतेकांत पाटीवर बसलेले सगळे खेळाडू एकाच दिशेला तोंड करून बसलेले असतात, जणू शाळेत प्रार्थनेला बसले आहेत. आठ खेळाडू बसतात ते एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून, आणि नववा पाठलाग करत असतो. हे दाखवले नाही तर तो खो-खो राहत नाही. दुसरी ठरलेली चूक म्हणजे पाठलाग करणारा बसलेल्या दोन खेळाडूंच्या मधून पलीकडे घुसताना दाखवतात. ती मोकळीक पळणाऱ्याला आहे, पाठलाग करणाऱ्याला नाही. बसण्याची ढबही चुकते. आपला खेळाडू मांडी घालून बसत नाही. तो उकिडवा, टाचा उचललेल्या, बोटे जमिनीला टेकवलेली, खो मिळताच उसळायच्या तयारीत असतो. एका फलकावर तर खुंटच नव्हता, तरी खेळाडू हवेत सूर मारत होता. तो नेमका कोठे निघाला होता हे चित्रकारालाच ठाऊक.

कबड्डीतही तेच. चढाईला एकाच वेळी दोघे गेलेले दाखवतात. शिवाय हल्लीच्या चित्रांत निळी मॅट, बूट आणि दिव्यांचा झगमगाट असतो. तुमच्या स्पर्धा मातीवर होत असतील तर अनवाणी पायांची, गुडघ्याला माती लागलेली आकृतीच शोभेल. शाळकरी मुले असल्या चुका ताबडतोब पकडतात आणि मग फलकासमोर उभे राहून हसतात.

त्यामुळे माझे स्पष्ट मत असे आहे की या दोन खेळांसाठी तयार चित्र शोधत बसण्यात रात्री घालवू नयेत. तुमच्याकडे मैदान आहे, खेळाडू आहेत आणि खिशात फोन आहे. संध्याकाळच्या सरावाला जाऊन चित्र तयार करून घ्यावे.


शिट्टी

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. प्रार्थनेला बसलेले खेळाडू आमच्याही मागच्या पत्रकावर होते, हे आता लक्षात आले. तीन वर्षांत कोणी बोलले कसे नाही?

आणखी दोन शंका आहेत. कॉमन्सवर मला कबड्डीची काही चांगली छायाचित्रे सापडली, त्यांतील पुष्कळशी ‘बाय-एसए’ आहेत. ती वापरली तर आमचा अख्खा फ्लेक्सच सर्वांसाठी खुला करावा लागेल का? आणि फोनवर काढलेल्या छायाचित्राचे रेखाचित्र माझ्यासारख्याने कसे करावे?


रेघोट्या

मूळ छायाचित्र जसेच्या तसे एका चौकटीत लावले आणि शेजारी तुमचा मजकूर आला, तर साधारणपणे तो संग्रह मानला जातो आणि अट फक्त त्या चित्रापुरती राहते. परंतु खेळाडू कापून काढला, त्याच्यावर रंग चढवले, मागे गावचे देऊळ बसवले, तर ते रूपांतर होते आणि त्या रूपांतरित चित्राला तोच परवाना द्यावा लागतो. काही जण ‘एसए’ पाहताच दूर पळतात. मला ती भीती अनाठायी वाटते. दुसऱ्या एखाद्या मंडळाने तुमचे चित्र घेऊन वापरले तर तुमचे काय बिघडणार आहे? दूध संस्थेचे बोधचिन्ह त्यामुळे कोणाच्या मालकीचे होत नाही.

‘एसए’ नकोच असेल तर तेथेच ‘बाय’ परवान्याची छायाचित्रेही आहेत. गंमत म्हणजे कबड्डीची या प्रकारची काही छायाचित्रे इराणच्या तस्नीम वृत्तसंस्थेची आहेत, जी आपली छायाचित्रे सीसी बाय ४.० परवान्याखाली देते. २०१८ साली जकार्तात इराणने आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक आपल्याकडून हिरावून घेतले, आणि आता खेळाची मोकळी छायाचित्रेही तेच पुरवतात. श्रेय देताना फ्लेक्सच्या तळाशी एक बारीक ओळ पुरते: कर्त्याचे नाव, कोठून घेतले, परवान्याचे नाव आणि बदल केला असल्यास तसा उल्लेख. ही ओळ लिहायची राहून गेली तरी ४.० आवृत्तीत एक सोय आहे. चूक लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती दुरुस्त केली तर वापराचा हक्क आपोआप परत मिळतो.

धावणे, उडी किंवा कुस्ती यांसाठी एक जुना खजिनाही सांगून ठेवतो. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने माणसांच्या आणि प्राण्यांच्या हालचाली टप्प्याटप्प्याने टिपल्या, आणि त्याचे ७८१ फलक १८८७ साली प्रसिद्ध झाले. तो १९०४ साली वारला, त्यामुळे त्या छायाचित्रांवर आता कोणाचाही हक्क उरलेला नाही. धावणाऱ्या माणसाचा कोणता पाय कोणत्या क्षणी कोठे असतो हे त्यांत इतके स्वच्छ दिसते की ती समोर ठेवून गिरवले तर आकृती चुकूच शकत नाही.

मात्र वृत्तपत्रात आलेल्या किंवा दुसऱ्या कोणी काढलेल्या छायाचित्रावरून गिरवणे म्हणजे स्वतः काढणे नव्हे. ते त्या छायाचित्राचे रूपांतरच ठरते. गिरवायचे तर स्वतःच्या छायाचित्रावरून.


छापखाना

मी जिल्ह्याच्या ठिकाणी फ्लेक्स छपाईचा व्यवसाय करतो, म्हणून तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर मी देतो.

छायाचित्र काढताना सूर्य मावळतीला असावा आणि तो खेळाडूच्या पाठीमागे असावा. आकाश उजळ आणि खेळाडू काळा, असे दिसले की अर्धे काम झाले. फोन गुडघ्याच्या उंचीवर धरावा, कारण चढाईपटू वाकलेला असतो आणि उभे राहून वरून काढले तर तो बुटका दिसतो. एकामागून एक अशी वीस-पंचवीस छायाचित्रे घेतली की त्यांत एखादे असे निघते की ज्यात दोन्ही हात, दोन्ही पाय आणि मान सुटी सुटी दिसते. काळ्या आकृतीत हात छातीवर आला तर तो नाहीसाच होतो, हे लक्षात ठेवावे. काळ्या आकृतीचा आणखी एक फायदा असा की चेहरा ओळखू येत नाही. तरी खेळाडू शाळकरी असतील तर पालकांना विचारूनच छायाचित्र घ्यावे.

नंतर ते छायाचित्र इंकस्केप या रेखाचित्रांच्या संगणकप्रणालीत घ्यावे. ते मोफत आहे आणि साध्या संगणकावरही चालते. ‘पाथ’ या यादीत ‘ट्रेस बिटमॅप’ आहे. त्यातील उजेडाची मर्यादा कमी-जास्त करत राहिले की खेळाडू काळा आणि बाकी सारे पांढरे होते. मग रेषा सुटसुटीत करणारे ‘सिम्प्लिफाय’ एकदा, फार तर दोनदा द्यावे. तिसऱ्यांदा दिले की बोटांचा गोळा होतो. जे चुकीचे वाटेल ते बिंदू ओढून हाताने सुधारावे. पहिल्या चित्राला दोन तास लागतील, पुढच्याला अर्धा तास.

याने एसव्हीजी मिळते आणि ती फ्लेक्सला वरदान आहे, कारण रेषा कितीही ताणल्या तरी फाटत नाहीत. ग्राहक आमच्याकडे जे आणतात ते मात्र असे असते: व्हॉट्सॲपवरून आलेले चित्र, रुंदी साधारण १६०० बिंदू (पिक्सेल), आणि छापायचे १२ फुटांवर. म्हणजे इंचाला ११ बिंदू. रस्त्यावरून लांबून पाहायच्या फ्लेक्सला इंचाला ७२ बिंदू असले तरी काम भागते, पण ११ वर खेळाडूच्या नाकाच्या जागी विटा दिसतात. फाइल पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ‘फोटो’ म्हणून नको.

पीएनजीच्या, म्हणजे पार्श्वभूमी पारदर्शक ठेवता येणाऱ्या चित्रफाइलच्या, नावाखाली मिळणाऱ्या चित्रांबाबत सावध राहावे. मागे राखाडी-पांढरे चौकडे दिसतात म्हणून लोक समजतात की पार्श्वभूमी पारदर्शक आहे. पुष्कळदा ते चौकडे चित्रातच छापलेले असतात. गेल्या गणपतीत एका मंडळाचा फ्लेक्स आमच्या यंत्रावर चढता चढता माझ्या लक्षात आले की कुस्तीगीर बुद्धिबळाच्या पटावर उभा आहे.

आमच्याकडे, आणि बहुतेक ठिकाणी, काम कोरलड्रॉ या प्रणालीत आणि तिच्या सीडीआर फाइलींवर चालते. इंकस्केपची सीडीआर होत नाही, त्यामुळे पीडीएफ किंवा एसव्हीजी आणावी, आणि मराठी अक्षरे आधीच कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या बनवून, आणावीत, नाहीतर ‘स्पर्धा’मधला रफार भलतीकडे जाऊन बसतो. फोनच्या पडद्यावर झळाळणारा पोपटी आणि निळा छपाईत मलूल पडतो, हेही गृहीत धरावे. मातीचा तांबूस, काळा आणि हळदी पिवळा हे तीन रंग मात्र जसेच्या तसे उतरतात.


चवडा_पकड

थोडेसे वेगळे. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्र करून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मी प्रयोग करून पाहिला. कबड्डीच्या साखळीत तीन खेळाडूंना मिळून सात हात आले, आणि मध्यरेषेच्या जागी टेनिसची जाळी आली. मागणी बदलून बदलून अकराव्या वेळी बरे चित्र मिळाले, तोवर वरच्या पद्धतीने दोन आकृत्या झाल्या असत्या. ज्यांना वापरायचे त्यांनी वापरावे, पण पंचांच्या नजरेखालून घालूनच.

दुसरे असे की व्यावसायिक लीगमधील नामांकित खेळाडूंची छायाचित्रे आणि संघांची बोधचिन्हे गावोगावच्या फलकांवर लावण्याची जी पद्धत पडली आहे ती सोडावी. छायाचित्राचा हक्क एकाचा, बोधचिन्ह दुसऱ्याचे, आणि तो खेळाडू येणार आहे असे समजून लोक येतात ते वेगळेच. आमच्याकडे एकदा संयोजकांना ध्वनिक्षेपकावरून खुलासा करावा लागला होता.


शिट्टी

काम झाले, म्हणून येऊन सांगतो.

शनिवारी संध्याकाळी सरावाला गेलो. मुलांना नेहमीसारखे खेळा असे सांगितले तरी फोन दिसताच सगळे मंडळी ताठ उभी राहू लागली, त्यामुळे पहिला अर्धा तास वाया गेला. नंतर ती मला विसरली आणि खरा खेळ सुरू झाला. चढाईपटू निदानरेषेच्या पुढे गेलेला, एक पाय मागे ताणलेला आणि बचावातील एकाचा हात त्याच्या घोट्याजवळ पोहोचलेला, असे एक छायाचित्र मिळाले आहे. इंकस्केपमध्ये मला दोन नव्हे, चार तास लागले. ‘सिम्प्लिफाय’ तिसऱ्यांदा दिल्याचा परिणामही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. खो-खोसाठी पाटीवर बसलेल्या खेळाडूंची एक रांग आणि खुंटाकडे झेपावणारी मुलगी अशी आकृती केली आहे. पत्रकातील बाकीच्या लहान चिन्हांसाठी कॉमन्सवरील मोकळ्या आकृत्या घेतल्या आणि त्या पानांच्या प्रतिमा जपून ठेवल्या.

खेळाडूंच्या आणि पालकांच्या संमतीने दोन्ही आकृत्या सीसी झिरो म्हणून विकिमीडिया कॉमन्सवर चढवायचे ठरले आहे, म्हणजे इतर मंडळांनाही उपयोग होईल. दोन्हींचे कच्चे रूप सोबत जोडत आहे. काही चुकत असल्यास सोमवारपर्यंत कळवावे. मंगळवारी सकाळी फाइल छपाईला द्यायची आहे.


खुंटाजवळचा

कबड्डीची आकृती उत्तम झाली आहे. खो-खोची मुलगीही छान झेपावली आहे, पण डावीकडून तिसरा आणि चौथा खेळाडू एकाच बाजूला तोंड करून बसले आहेत. चौथ्याला आडवे उलटवावे, मग मंगळवारी खुशाल छपाईला द्यावे.